सुनंदाची आठ बाय बेचाळीस

सुनंदा ढमाले कुणालाही भेटली की पहिल्यांदा एकच म्हणायची, "आधी बस." घरी आलेल्या पाहुण्याला, कँटीनमध्ये ट्रे घेऊन घाईत उभ्या असलेल्या मला, फोनवर रडणाऱ्या बहिणीला. एकदा इथे जर्मनीत, येना शहराच्या परदेशी लोकांच्या कचेरीत व्हिसाचं काम अडलं म्हणून एक विद्यार्थी काउंटरवर तावातावाने बोलत होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या सुनंदाने त्याला मराठीतच सांगितलं, "आधी बस रे." तो बसला. तो तेलुगू होता हे नंतर कळलं.

मला उभ्याने काम करायची सवय आहे. घरात फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक, ऑफिसच्या टेबलावर एक. झालेलं काम खोडताना मी रेघ पट्टीने मारते. सुनंदा मला "यादीबाई" म्हणायची. बाकी कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. तिचं लागायचं, कारण तिच्याकडे एकही यादी नव्हती आणि तिचं काहीही राहत नसे.

आम्ही दोघी एकाच कंपनीत होतो. दुर्बिणी बनवण्याची कंपनी, येनात अशा पुष्कळ आहेत. मी तपासणी विभागात. नवी दुर्बीण माझ्याकडे यंत्रावर येते, यंत्र तिच्यातून उजेड सोडतं, पलीकडे दुसरं यंत्र तो मोजतं, आकडे जमले की मी सही करते. सुनंदा खालच्या मजल्यावर दुरुस्तीत. तिच्याकडे दहा-वीस वर्षं वापरून परत आलेल्या दुर्बिणी यायच्या. भिंगावर बुरशी, लोलक सरकलेले, चामड्याला घामाचा वास. ती कव्हर उघडायच्या आधी पट्टा हातात घेऊन बघायची. पट्टा डावीकडे जास्त झिजला असेल तर माणूस कुठल्या खांद्याला बंदूक लावतो हे सांगायची. म्हणायची, "तू सासरी जाणाऱ्या मुलीला बघतेस. मी माहेरी परत आलेल्या बाईला बघते."

तिचे वडील कोयनेच्या बाजूला वनरक्षक होते. तिघा रक्षकांमध्ये सरकारी दुर्बीण एक, आणि तिचाही डावा डोळा बुरशीने आंधळा झालेला. अण्णा उजव्याने बघायचे. लहानपणी सुनंदा त्यांच्याबरोबर पाणवठ्यावर जायची. तिथे बोलायचं नाही, खाजवायचं नाही, हा नियम. किती वेळ, असं मी विचारलं. वेळ मोजलाच नव्हता कधी, म्हणाली.

शिकारीच्या परवान्याच्या वर्गाची जाहिरात कँटीनच्या फळ्यावर मी आधी पाहिली. मीच ती तिला दाखवली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

मी अंडंसुद्धा खात नाही. मग शिकार कशाला, असं सगळ्यांनी विचारलं आणि सगळ्यांना मी सांगितलं की दर वर्षी मी एक नवी गोष्ट शिकायला घेते. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. एकोणीस वर्षं मी या देशात आहे. शेजारी चांगले आहेत, नमस्कार करतात, पार्सल घेऊन ठेवतात. पण एकाही जर्मन माणसाने मला "आमच्यात ये" म्हटलं नव्हतं. जाहिरातीच्या खाली बारीक अक्षरात होतं, की वर्ग घेणारे हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेमर शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या आपल्या रानात परीक्षा झालेल्या एका नवशिक्याला कायमची जागा देतील. एक मचाण, एक किल्ली, आणि गावातल्या शिकाऱ्यांच्या टेबलावर एक खुर्ची. मला ती खुर्ची हवी होती.

"खायचं नाही तर मारायचं कशाला, यादीबाई?" सुनंदा म्हणाली.

"मला बघायचंय," मी म्हटलं.

"मग दुर्बीण घे आणि बस. बसायला परवाना कशाला लागतो?"

आणि दुसऱ्या दिवशी तिनेही नाव घातलं.

वर्गात बाराजण होतो. बहुतेक आसपासच्या गावांतले. कुणी सुतार, कुणी बेकरीवाला. बंदूक बहुतेकांना घरातून मिळणार होती, दुर्बीण मात्र विकत घ्यायची होती, आणि सगळ्यांचा हात आखडता. मी दुर्बिणीच्या कंपनीत आहे म्हटल्यावर हेर क्रेमरनी मला तीनशे युरोच्या आतल्या दुर्बिणींची यादी करायला सांगितली. त्या आठवड्याइतकी मी क्वचितच खूश असते. सोळा रकाने केले. किती पट, पुढचं भिंग केवढं, वजन, पाणी आत जातं का, चष्मा लावून बघता येतं का, हमी किती वर्षांची. तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण मी पहिल्याच पानावर बाद केली होती. वीस पट मोठं दाखवते खरं, पण आपण श्वास घेतला की मचाण हलतं आणि हरीण हिरव्या पाण्यात पोहायला लागतं. सगळ्यात वर मी ठेवली होती आठ बाय छप्पन. आठ पट, आणि पुढचं भिंग छप्पन मिलिमीटरचं. शिकार तिन्हीसांजेला, म्हणून भिंग जितकं मोठं तितका उजेड जास्त. हा माझा धंदा आहे, मला यात कोण शिकवणार?

नोव्हेंबरात आम्ही दोघी दुकानात गेलो. वेळ तिने ठरवली, दुपारी चार, कारण तेव्हा उजेड जायला लागतो. मी यादी काढली, छप्पनची मागितली, काचेवर ओरखडा नाही ना ते बघितलं आणि चौदा मिनिटांत मोकळी झाले.

सुनंदाला दीड तास लागला. तिने चार दुर्बिणी मागितल्या आणि दुकानदाराला विचारून दारात खुर्ची टाकून बसली. दुर्बीण कानाशी नेऊन हळूच हलवली, आत काही खुळखुळतं का ते ऐकलं. हातमोजे घालून चक्र फिरवून बघितलं. समोरच्या घराच्या वळचणीखाली, जिथे सगळ्यात काळं होतं, तिथे कौलं मोजली. मग प्रत्येक दुर्बीण डोळ्यांना लावून नुसती बसून राहिली, हात दुखेपर्यंत. रस्त्यावरचा दिवा लागला तेव्हा त्याच्या कडेला निळीजांभळी किनार दिसते का ते बघितलं. दुकानदार आधी वैतागला, मग तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, मग त्याने तिला कॉफी आणून दिली. मला विचारली नाही. मी काउंटरपाशी पिशवी हातात घेऊन उभी होते.

तिने आठ बाय बेचाळीस घेतली. चारांतली तिसऱ्या नंबरची. माझ्या यादीत ती नवव्या ओळीवर होती. घरी गेल्यावर तिने चकचकीत नावावर काळी कापडी पट्टी चिकटवली आणि पट्ट्याला आतून जुन्या इरकल साडीचा काठ शिवला, मान कापू नये म्हणून. ते ध्यान गळ्यात घालून ती वर्गात आली.

त्या संध्याकाळी माझं भाषण होतं. मी फळ्यावर आकृती काढली. छप्पनला आठने भागलं की सात. म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून सात मिलिमीटर जाडीचा उजेडाचा खांब बाहेर येतो. बेचाळीसचा सव्वापाच. "आल्झो, म्हणजेच सात सव्वापाचपेक्षा जास्त," मी म्हटलं. बेकरीवाला लिहून घेत होता.

सुनंदाने हात वर केला. तिचं जर्मन अडखळत यायचं, शब्द एकेक उचलून ठेवल्यासारखं. "डोळा किती वर्षांचा आहे?"

मला प्रश्न कळला नाही. हेर क्रेमरना कळला. ते हसले, खिशातून पट्टी काढली आणि दिवे मंद करून आधी स्वतःच्या, मग माझ्या डोळ्यापुढे धरली. पंचविशीतल्या माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटर उघडते. बावन्नाव्या वर्षी पाच उघडली तरी नशीब. उरलेला उजेड बुबुळावर पडून वाया जातो. मी अर्धा किलो जास्त वजन गळ्यात बांधून घेतलं होतं, माझ्या डोळ्यात कधीच न शिरणाऱ्या उजेडासाठी. सत्तावीस वर्षं, आधी भारतात आणि मग इथे, मी दुर्बिणी तपासते. पण माझ्या टेबलावर दुर्बिणीच्या पलीकडेही यंत्रच असतं. त्याचं वय वाढत नाही. सोळा रकान्यांत बघणाऱ्याचं वय नव्हतं.

परतताना गाडीत मी विचारलं, दुकानात का नाही सांगितलंस?

"तू विचारलंस कुठं? तू सांगत होतीस."

मला राग यायला हवा होता. राग सोपा असतो, दोन दिवसांत जातो. जे आलं ते जाईना. हेर क्रेमर तिला नाताळच्या आधीच 'डू' म्हणायला लागले, घरच्या माणसाला म्हणतात तसं. मी मात्र फ्राउ करांडिकार आणि 'झी', परक्या माणसाला म्हणतात ते 'तुम्ही'. त्यांच्या बायकोने तिला आलुबुखाराच्या केकची कृती दिली. सुनंदाने ती मला वाचून दाखवली. तिला वाटलं मला आवडेल.

परीक्षेत मी लेखीला वर्गात पहिली आले. सुनंदा नापास झाली, भाषेमुळे. सहा आठवड्यांनी पुन्हा बसली आणि काठावर सुटली. मधल्या काळात प्रश्न मराठीत समजावून द्यायला मीच जात होते तिच्याकडे, आणि ते मी नीट केलं. हेव्याने माणूस वाईट शिकवतो असं नाही. उलट मला वाटायचं, तिची पूर्ण तयारी होऊ दे, मग मी पहिली आले याला अर्थ राहील.

जागा कुणाला द्यायची हे ठरवायला हेर क्रेमरनी उरलेल्या इच्छुकांना एकेका संध्याकाळी त्याच मचाणावर बसवलं. इच्छुक आम्ही दोघीच उरलो होतो. बाकीच्यांना आपापल्या काकामामांची रानं होती. एका बाजूला जंगल, मध्ये कुरण, पलीकडे झुडपांचा उंचवटा. बंदूक नाही, फक्त दुर्बीण. अंधार पडला की ते शिडीखाली येणार आणि विचारणार, काय दिसलं?

माझी पाळी आधी. मी वही उघडून वाचून दाखवलं. सहा वाजून चाळीस, हरणाच्या दोन माद्या, डावीकडून. सहा बावन्न, कोल्हा. सात पाच, एक नर, शिंगं कानांइतकी. एकूण नऊ नोंदी, वाऱ्याच्या दिशेसकट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान. लिहायला किती वेळ गेला?"

मी म्हटलं, काही नाही, मिनिटभर एकेका नोंदीला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "नऊ मिनिटं."

दुसऱ्या दिवशी सुनंदा बसली. तिने काय सांगितलं ते मला हेर क्रेमरकडूनच कळलं, कारण तिने स्वतः कधी सांगितलं नाही. ती शिडी उतरली आणि म्हणाली, झुडपांच्या सावलीत एक म्हातारा नर आहे, पुढचा उजवा पाय टेकवत नाही, तो बाहेर आलाच नाही, नुसता उभा होता. हेर क्रेमर तीन आठवडे त्या जखमी नराला शोधत होते. आदल्या संध्याकाळीही तो तिथेच असणार, ते म्हणाले, त्याला चालवतच नव्हतं. म्हणजे माझ्या नऊ ओळींच्या मागे तो उभा होता.

किल्ली तिला मिळाली. मी तिचं अभिनंदन केलं, पेढे करून नेले. खव्याऐवजी दूध पावडरचे, पण बरे झाले होते. ती म्हणाली, "आधी बस." मी म्हटलं, मला घाई आहे.

त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानावर एक यादी सुरू केली. वर नुसतं 'सु.' लिहिलं. एक: बंदुकीच्या कपाटाची किल्ली एकदा कोटाच्या खिशात राहिली होती. दोन: मचाणाच्या शिडीची पायरी बदलायची राहिली, आठ दिवस. तीन: वहीत नोंद दुसऱ्या दिवशी केली. चार: हरणांशी मराठीत बोलते. चौथं तिनेच हसत सांगितलं होतं. पाच झाले की हेर क्रेमरशी बोलायचं, असं मी ठरवलं होतं. पाचच का, ते माहीत नाही. चार कमी वाटत होते.

तिला जागा एकच हंगाम लाभली. नवरा ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात होता, शनिवार-रविवार येऊन जाऊन करायचा. शेवटी नोव्हेंबरात तीच तिकडे गेली. दुरुस्ती विभागाने तिला एक बुरशी आलेली जुनी दुर्बीण भेट दिली आणि ती फार खूश झाली. पुढच्या आठवड्यात हेर क्रेमरांचा फोन आला. जागा आता मला. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "सुनंदा म्हणाली, तुला बसता येतं. तिने पाहिलंय."

'तुला' म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकायला मी वर्षभर थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा आनंद झाला नाही. कारण तिने मला बसलेलं कुठे पाहिलं हे मला माहीत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरची सुरुवात होती. मादीच्या शिकारीचा काळ नुकताच उघडला होता आणि त्या संध्याकाळी सुनंदा बसणार होती. मी पाचवी नोंद मिळवायला गेले. गाडी गावाबाहेर लावली, पायवाट सोडली आणि कुरणाच्या पलीकडच्या झुडपांत शिरले. निघण्यापूर्वी यादी केली होती. वारा माझ्याकडे येणारा. मावळतीचा उजेड पाठीशी. अंतर दोनशे मीटर, छप्पनला पुरेसं. आडोसा. चारही गोष्टींवर खूण केली. झुडपं गुडघ्याच्या वर येत होती, नीट दिसावं म्हणून मी उभी राहिले.

मचाण स्वच्छ दिसत होतं. सुनंदाचे दोन्ही कोपर कठड्यावर, दुर्बीण डोळ्यांना, गळ्याशी इरकलीचा काठ. ती हलत नव्हती. अर्धा तास मी तिच्याकडे बघत होते आणि ती कुरणाकडे. मग कुरणात मादी आली. एकटी. तिच्या आणि माझ्यामध्ये, चांगली आडवी उभी. सुनंदाने दुर्बीण ठेवली आणि बंदूक खांद्याला लावली.

गोळी सुटली नाही. तिने बंदूक खाली घेतली. माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते: पाच, हिंमत नाही. मी वहीसाठी खिशात हात घातला.

वर बघितलं तर सुनंदाच्या दुर्बिणीची दोन भिंगं सरळ माझ्याकडे होती.

आणि मग मला कळलं मी कुठे उभी आहे. जनावराच्या मागे माती हवी, गोळी मातीत जायला हवी, हे वर्गातलं पहिल्या दिवसाचं वाक्य. लेखीत त्यावर प्रश्न होता, मी पूर्ण गुण घेतले होते. मादीच्या मागे माती नव्हती. मी होते. वारा, उजेड, अंतर, आडोसा सगळं यादीत होतं आणि मी नव्हते.

ती ओरडली नाही. तिने बंदुकीचा बोल्ट मागे ओढला, गोळ्या काढल्या आणि एकेक करून कठड्यावर उभ्या ठेवल्या, मला दिसतील अशा. बंदूक कोपऱ्यात टेकवली. मग डावा हात पुढे केला, तळवा खाली, आणि सावकाश खाली नेला. दोनशे मीटरवरून आवाज येत नाही. यायची गरजही नव्हती.

मी ओल्या गवतात बसले.

मला वाटलं ती आता उतरून येईल. आली नाही. मादी मान वर करून उभी होती, तिने दोनदा मागे जंगलाकडे बघितलं. बराच वेळ काही झालं नाही. माझे पाय भिजले, मांडीत मुंग्या आल्या, वही खिशात राहिली. मग जंगलाच्या कडेची सावली सुटली आणि पाडस बाहेर आलं, त्या वर्षीचं, अंगावरचे ठिपके गेलेले. ते आईच्या पोटाखालून पलीकडे गेलं आणि चरायला लागलं. चरत चरत माझ्याकडे आलं, इतकं जवळ की छप्पनमधून नाकपुड्या दिसत होत्या. मी किती वेळ बघत होते हे सांगता येणार नाही.

हळूहळू पाडसाचा रंग गेला, मग पाय गेले, मग माझ्या दुर्बिणीत नुसता काळोख राहिला. मी ती खाली घेतली. मचाणावर आकाशाच्या उरल्यासुरल्या उजेडात सुनंदाची आकृती तेवढी होती, कोपर कठड्यावर, दुर्बीण डोळ्यांना. तिला अजून दिसत होतं.